रंभाला जे जे सांगितलं

८ एप्रिल १९७९, हिंगणघाट

पोचले एकदाची. देवळीहून वर्धा, वर्ध्याहून इथे, दोन्ही गाड्यांत उभं राहून. भाऊ खुशाल पेटी घेऊन खोलीपर्यंत आला आणि लगेच परतला. वांग्यांना पाणी द्यायची पाळी त्याची. घरमालकीण आनंदाबाई. नवरा कापडगिरणीत, त्यामुळे या घरात स्वयंपाकसुद्धा भोंग्यावर होतो. मला बाहेरची खोली दिली आहे, दाराला वाळ्याची ताटी. एकटीची खोली जन्मात पहिल्यांदा मिळाली. दुपारभर खाटेवर नुसती लोळले.

बी. ए.चं शेवटचं वर्ष. प्रायव्हेट बसले, शिकवायला कोणी नाही, तरी दोन वर्षं पास झाले. बाबांनी सांगून टाकलंय, या खेपेला नापास झालीस तर दिवाळीआधी लग्न. आई त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "नलू, पास होऊनच येजो." ती असं कधी बोलत नाही. मी होणारच.

१० एप्रिल

सकाळी सातला इतिहासाचा पेपर. फार छान गेला. बाहेर कडुनिंबाखाली एक मुलगी भेटली, रंभा. माझ्याच वयाची, हिरवी सुती साडी, ओठ उन्हाने तडकलेले. तीही बी. ए.ला बसली आहे, नदीकडे राहते म्हणाली. अर्थशास्त्र समजावून दे म्हणून मागेच लागली, तेव्हा तिला खोलीवर आणलं आणि दुपारभर मागणी-पुरवठा समजावला. पाणी पुढे केलं तर तिने नुसतं पाहिलं, घेतलं नाही. पण ऐकावं ते तिनेच. माझं बोलणं इतकं मन लावून आजवर घरातही कोणी ऐकलं नव्हतं.

१२ एप्रिल

अर्थशास्त्र. मागणी-पुरवठ्याचाच प्रश्न आला आणि मला एक ओळ येईना. विसरलेलं निदान जिभेवर तरी येतं. इथे जागाच रिकामी. बाकीच्या प्रश्नांवर निभावून नेलं. रंभा बाहेर उभी होती. तिने तो सबंध पाठ मला म्हणून दाखवला, माझ्याच शब्दांत, मी अडखळले तिथे अडखळत. मला हसू आलं. उन्हाने डोकं फिरलं असेल माझं, म्हटलं. मग तिने घरचं विचारलं. आई दिसते कशी, भाऊ कसा आहे. मी खूप वेळ बोलत बसले.

१३ एप्रिल

वहीचं पहिलं पान वाचलं. त्यावर 'भाऊ खुशाल' असं नाव लिहिलंय. अक्षर माझंच. मला भाऊ आहे?

आईचा चेहरा आठवायला बसले. लुगडं दिसतं. बांगड्या दिसतात, हात दिसतात. वर काही नाही.

१४ एप्रिल

आनंदाबाईंना रंभाबद्दल विचारलं. भाकर थापता थापता त्यांचा हात थांबला. "तिले काई सांगतलं त नाई ना तुनं?" मग त्यांनी सगळं सांगितलं. रंभा याच केंद्रावर परीक्षेला बसली होती, काही वर्षांपूर्वी. शेवटच्या पेपरला तिला काहीच आठवेना. कोरा पेपर देऊन ती भर उन्हात चालत वणा नदीवर गेली. उन्हाळ्यात तिथे वाळूच असते. पाणी पाणी करत ती त्या वाळूतच मेली. तेव्हापासून दर साली एखादी पोरगी कोरा पेपर देते आणि न्यायला आलेल्या आपल्याच माणसांना ओळखत नाही.

"तू घरी चालली जाय बाई," त्या म्हणाल्या. "पेपर पुढच्या सालीबी देता येते."

मी नाही म्हटलं. पुढचं साल मला कोण देणार आहे?

१६ एप्रिल

मराठीचा पेपर दिला. ती वर्गात आली होती. माझ्याच बाकावर, शेजारी. पर्यवेक्षक दोनदा जवळून गेले, त्यांना दिसली नाही. कानाशी सारखं — सांग ना, सांग ना, सांग ना. तरी लिहीत राहिले. तोंडातून शब्द काढला नाही. पुरवणीसाठीसुद्धा नुसता हात वर केला.

१७ एप्रिल

आता ती खोलीत येते. ताटी हलते आणि ती आत असते. सांग ना.

मग विचार केला, तिला सांगितलेलं माझ्यातून जातं ना? तर जे नको तेच सांगावं. भीती सांगितली. बाबांची, नापास व्हायची, त्या दिवाळीची. मग तिचीच, तिच्या ओठांची, ताटी हलण्याची. बोलत गेले तशी छाती हलकी होत गेली. शेवटी मी खाटेवर मांडी घालून बसले होते आणि रंभा कोपऱ्यात, अंग चोरून, थरथरत.

आज पोटभर जेवले.

१८ एप्रिल, दुपार

उद्या शेवटचा पेपर. आनंदाबाई बाजारात गेल्यात. रंभाला समोर बसवलंय. म्हटलं, आता तू सांग. माझं आहे ते सगळं परत दे. ती घाबरते मला. सांगतेय. मी ऐकता ऐकता लिहितेय —

मागणी-पुरवठा आला.

खुशाल. हो, खुशाल. भुवईवर विळ्याचा वण.

आईचा चेहरा — आला. आला.

भीतीही आली. येऊ दे.

पुरे म्हटलं तिला. ती थांबत नाही.

पंचफुला कोण? ही म्हातारी कोणाची आई? हे घर माझं नाही — या सगळ्या त्या कोऱ्या पेपरच्या मुली —

वाळू. पाय भाजतात.

तहान. तांब्याभर प्याले, दुसरा प्याले. जात नाही. रंभा पुसट होत चाललीय, तिचे ओठ ओले दिसतात —

पाय नदीकडे ओढतात. दार लावलं, कडी घातली. डाव्या हाताने खाटेचा पाय धरलाय. असू देत ही सगळ्यांची माणसं माझ्यात. त्यांत माझी आई आहे, ती मी सोडणार नाही. हात सुटतोय — नाही. ही तहान माझी नाही. माझं नाव नलू. उद्या सातला मी बाकावर असेन आणि पेपर