डब्यातल्या जळक्या पोळ्या

दादा,

डब्यातल्या पोळ्या जळक्या हायेत. तोंड वाकडं करू नको अन् आईले काही म्हणू नको. चूक माझ्या गिटारची हाये.

ते बाबांच्या आवडीचं जुनं जॅझचं गाणं मी किती दिवसांपासून बसवून राहिली, एकाच गिटारवर कॉर्डही अन् चालही. पण चाल कॉर्डांखाली दबूनच जाये. आई रोज विचारे, "हे ठोकणं झालं, गाणं कधी सुरू होते वं?"

आज मी कॉर्डांचे खालचे सूर अगदी हळू ठेवले अन् चाल पातळ तारेवर मोकळी सोडली. तर सैपाकघरातून आई गुणगुणाले लागली! पुढची ओळ तर माझ्याआधीच. मी वळून पाहिलंच नाही. ती थांबू नये म्हणून तेच ते वाजवत राहिली, तार तुटेपर्यंत.

आता नवी तार आणाले धरमपेठले जाऊन राहिली. आई मावशीकडे हुडकेश्वरले गेली. ती आल्यावर "काहून गात होती?" असं विचारून तिले लाजवू नको.

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच गाण्याच्या नादात तव्यावर पोळी विसरली गा. तूप लावून खा.

मोनाली