नानांचा सर्व्हे

वाशी, सेक्टर २
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय अरविंद,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मस्कतची थंडी सरत आली म्हणता, इथे ती आली कधी तेच कळलं नाही. तब्येत सांभाळून असाल असं धरून चालते. खोलीतले सोबती अजून तुम्हालाच स्वयंपाकाला लावतात का?

माझं म्हणाल तर मार्केटिंगच्या कोर्सचं हे शेवटचं सत्र, आणि प्रोजेक्टने डोकं पार खाल्लंय. तुर्भ्याच्या एका कंपनीने आम्हाला काम दिलंय. ते डास पळवणारं विजेचं यंत्र बाजारात आणतायत. प्लगला लावायचं, वर निळी वडी ठेवायची, ती तापली की डास पळतात, असं कंपनीचं म्हणणं. वाशीतली माणसं ते घेतील का, आणि नाही घेणार तर का नाही, हे आम्ही शोधायचं. वाशीत डासांना तोटा नाही, त्यामुळे यंत्र हातोहात खपेल अशी त्यांची खात्री आहे.

ग्रुपमध्ये आम्ही तिघं. सुभाष लीडर. सोलापूरचा आहे, हॉस्टेलवर राहतो. प्रोजेक्टवाल्यांतून एकाला कंपनी नोकरीत घेणार असं त्याच्या कानावर आलंय, तेव्हापासून तो स्वतः झोपत नाही आणि आम्हालाही झोपू देत नाही. दुसरी नंदिनी, चेंबूरची. बोलायला फटकळ, कामाला वाघ. दोघंही माझ्याहून लहान. मला 'ताई' म्हणतात आणि कामाला मात्र सारखंच जुंपतात.

सेक्टरांचा नकाशा मिळवून आम्ही इमारती वाटून घेतल्या आहेत. रोज दुपारी प्रश्नांचे फॉर्म घेऊन दारं वाजवायची. काही बायका "काय विकायला आलात?" म्हणून दार लावूनच घेतात. एक म्हणाली, "डासांचं त्या खाडीला विचारा, मला काय विचारता?" हसू येतं, पण फॉर्म कोराच राहतो.

कंपनीचे मार्केटिंग मॅनेजर पाटकर साहेब कधी आवाज चढवत नाहीत. आमचा अर्धा रिपोर्ट त्यांनी वाचला आणि मला एवढंच विचारलं, "हे तुम्हाला वाटतं, की बायकांनी सांगितलं?" मी घाईने कागद गोळा केले. बावीस तारखेला त्यांच्यासमोर प्रेझेंटेशन आहे.

नाना मजेत आहेत. या वेळी त्यांच्या चार ओळी नाहीत, कारण चष्मा दुरुस्तीला टाकलाय. लेकाला आशीर्वाद सांगितलेत.

आणखी दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करू का, असं तुम्ही विचारलंत. मार्चअखेर सांगायचंय ना? प्रोजेक्ट उरकला की सविस्तर लिहीन. आत्ता डोकं ठिकाणावर नाही.

उन्हात टोपी घालत जा.

तुमची,
जयमाला


वाशी
सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय अरविंद,

आधी एवढं वाचा. नाना घरी आहेत, सुखरूप आहेत. आत्ता खुर्चीवर बसून शेंगा सोलतायत. हे मनाशी पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

शुक्रवारी सुभाष आणि नंदिनी आपल्याकडेच कामाला बसले होते. दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन. भरलेले फॉर्म कमी पडत होते आणि सुभाषने तोच घोषा लावला होता, "ताई, पाटकर पहिल्यांदा हेच धरणार." मी वैतागून म्हटलं, "आता आणखी कुठल्या दारात जाऊन उभी राहू?" नाना गॅलरीत बसले होते. त्यांनी ऐकलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी मी आणि नंदिनी झेरॉक्स काढायला गेलो. सुभाष आतल्या खोलीत आलेख काढत होता. नाना शर्ट-पँट घालून, केस विंचरून आले आणि त्याला म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." सुभाष "हो" म्हणाला. त्याचा काय दोष? त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

आम्ही परत आलो तर नाना नाहीत. आधी वाटलं, खाली कट्ट्यावर असतील. तिथे नव्हते. वाण्याकडे नव्हते. घरी येऊन पाहिलं तर टेबलावरचे कोरे फॉर्म कमी झालेले. नंदिनी म्हणाली, "ताई, आजोबा सर्व्हेला गेले वाटतं." ती हसत म्हणाली आणि मी तशीच जिना उतरायला लागले.

शेजारच्या इमारतीत पहिल्याच मजल्यावर विचारलं. बाई खुशीत होत्या. "आले होते की. किती नीट विचारत होते. मच्छरदाणी लावता का, उदबत्ती लावता का, मुलं लहान आहेत का. कॉलेजात आता आजोबांनाही घेतात का हो?"

माझा जीव थोडा भांड्यात पडला. पलीकडच्या इमारतीत गेलो. तिथली बाई म्हणाली, "येऊन गेले. मग थोड्या वेळाने पुन्हा आले आणि तेच सगळं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आजोबा, आत्ताच सांगितलं ना? तर ओशाळले बिचारे."

रस्ता ओलांडून तिसऱ्या ठिकाणी गेलो. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. त्या म्हणाल्या, "डासांचं काही नाही विचारलं त्यांनी. पाणी मागितलं. मग म्हणाले, अरविंद शाळेतून आला का? मी म्हटलं, इथे कोणी अरविंद राहत नाही. तर मलाच धीर द्यायला लागले, येईल, येईल, काळजी करू नका."

सुभाषने विचारलं, "अरविंद म्हणजे?" मी म्हटलं, "माझे मिस्टर. मस्कतला असतात."

मग जिन्यातच बसून मी त्या दोघांना जे सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगते.

दिवाळीनंतर सुरू झालं. आधी नुसतं विसरणं होतं. सकाळचा पेपर संध्याकाळी पुन्हा नवा म्हणून वाचायचे. मग एकदा चहाचं आधण ठेवलं आणि विसरून बाहेर जाऊन बसले. मी वेळेवर आले म्हणून निभावलं. मला कधी सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. शाळा सुटायच्या वेळी गॅलरीत उभे राहतात, कोणाची वाट बघताय विचारलं तर आत निघून जातात. डॉक्टरांना दाखवलंय. ते म्हणाले, वयाने होतं हे, आणि हळूहळू वाढत जाईल. औषध दिलंय, पण फार आशा ठेवू नका असंही सांगितलं.

चष्मा दुरुस्तीला टाकला नव्हता. त्या दिवशी तुम्हाला लिहायला म्हणून ते बसले होते. 'चि. अरविंद यास' एवढं लिहिलं आणि पेन धरून नुसते बसून राहिले. मला म्हणाले, "जया, पुढचं येत नाही." मी कागद काढून घेतला. आयुष्यभर छापखान्यात अक्षरं जुळवलेला माणूस.

त्यांना स्वतःला कळतं, अरविंद. निदान त्या दिवसांत कळत होतं. ज्या दिवशी डोकं लख्ख असायचं त्या दिवशी मला बजावायचे, "त्याला कळवू नकोस. सगळं टाकून येईल." मी ते ऐकलं. ऐकलं कारण मलाही ते सोयीचं होतं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं, कॉलेज सोड आणि घरी बस. कोर्सचा अर्ज नानांनीच हौसेने आणला होता, आणि त्यांच्यासाठीच तो अर्धवट सोडायचा, हे मला करवत नव्हतं. म्हणून मी दुपारी त्यांना जेवायला घालून, गॅस खालून बंद करून, शेजारी सांगून जात राहिले. रोज घरी येताना शेवटचा जिना धावत चढायचे.

असो. सुभाष एरवी नोकरीशिवाय बोलत नाही, पण त्या जिन्यात तो उठला, आमचा सर्व्हेचा नकाशा पसरला आणि म्हणाला, "ताई, रडायचं नंतर. नंदिनी, तू पोलीस चौकीत सांगून बस डेपोवर बघ. मी मार्केटकडची बाजू घेतो. ताई, तुम्ही खाडीकडची. प्रत्येक इमारतीत एक दार तरी वाजवायचं." इतके दिवस वाजवलेली तीच दारं. ज्या बायकांनी माझ्या तोंडावर दार लावलं होतं, त्यांतल्या एकीने पायात चपला सरकवल्या आणि माझ्याबरोबर दोन इमारती फिरली.

खाडीकडे मी एकटीच गेले. भरती चढत होती. चिखलात कोणाची तरी पावलं दिसत होती आणि मी त्या पावलांकडे बघत उभी होते. तेव्हा मनात काय काय आलं ते लिहीत नाही. तुम्हाला फोन करायचा तर काय शब्दांत, एवढंच डोक्यात घोळत होतं.

दिवेलागणीला खाडीकाठच्याच जुहूगावात शिरले. एका घराच्या ओट्यावर नाना बसले होते, हातात चहाची बशी. शेजारी एक म्हातारी. मुक्ताबाई तिचं नाव. मला बघून तिनेच विचारलं, "तुजा सासरा हाय का, बाय?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "गिरगावला घरी जायाचा बोलत व्हते. मी बोलले, बसा हितंच, पोरगा येल तुमचा न्यायाला. कुनी ना कुनी शोधत येतंच. जेवायला पन इचारलं, नको बोलले."

नानांनी मला निरखून पाहिलं. मग ते मुक्ताबाईकडे वळून म्हणाले, "ही आमची सूनबाई. मार्केटिंग शिकते." आणि मांडीवरचे फॉर्म माझ्या हातात दिले. "उद्याला पुरतील ना गं?"

घरी आल्यावर सुभाषने त्यांच्या पायांतली चिखलाने भरलेली चप्पल स्वतः काढली. नंदिनीने भात टाकला. आलेख अर्धेच राहिले होते. मी म्हटलं, उद्या मी येणार नाही, यांना एकटं सोडणार नाही. वाटलं, सुभाष चिडेल. तो म्हणाला, "तुमचा भाग नंदिनी बोलेल."

शनिवारी दोघं तुर्भ्याला गेले. संध्याकाळी येऊन नंदिनीने सगळं सांगितलं. पाटकर साहेबांना रिपोर्ट तोकडा वाटला, आणि त्यांनी तसं स्पष्ट म्हटलं. यंत्र हातोहात खपणार नाही, घरात प्लग मोजके आणि लहान मुलं असली की बायका विजेच्या वस्तूला घाबरतात, हे आमचं म्हणणं त्यांना आवडलं नाही. "हे तुम्हाला वाटतं की बायकांनी सांगितलं?" असं त्यांनी पुन्हा विचारलं. नंदिनी म्हणाली, "बायकांनी सांगितलं, साहेब." नानांचे फॉर्म आम्ही धरले नव्हते. ते सुभाषने वेगळे काढले होते. नोकरीचं कंपनी काही बोलली नाही. सुभाषचा चेहरा उतरला होता, तरी जाताना नानांना वाकून नमस्कार करून गेला. मार्क बेताचेच पडतील. पास होईन.

हे सगळं शुक्रवारीच फोनवर सांगता आलं असतं. ट्रंक कॉल बुक करायला फोनवाल्या शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलेही होते. पण फोनवर मी नुसती रडले असते आणि तुम्ही तिकडे वेडेपिसे झाला असता. म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

नंदिनीच्या ओळखीने फोर्टातल्या एका मार्केट रिसर्चच्या ऑफिसात घरोघरच्या सर्व्हेवर देखरेख करायला माणूस हवंय. पगार तुमच्या तिकडच्या पगारापुढे काहीच नाही. पण घर चालेल. परीक्षा झाली की मी तिथे जाईन. दिवसा नानांजवळ कोणीतरी घरचं हवं, आणि ते आता माझ्या एकटीच्याने होत नाही. हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

तुम्हाला राग येईल. लपवलं म्हणून येईल, आणि बायकोच्या पगारावर घरी बसू का म्हणूनही येईल. येऊ दे. इथे येऊन रागवा. इथे तुम्हालाही काम मिळेल, आज नाही तर चार महिन्यांनी.

नाना कधी कधी मला ओळखत नाहीत. तुमचा फोटो दाखवला तर अजून लगेच 'अरविंद' म्हणतात. पुढच्या वर्षी म्हणतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही दारात उभे राहाल आणि ते तुम्हालाच विचारतील, अरविंद शाळेतून आला का. मला ते बघायचं नाही. तुम्हालाही ते बघायला लागू नये.

सही करू नका.

वाट बघणारे आम्ही दोघं,
जयमाला आणि नाना