कुंकवाची पावलं

१६ नोव्हेंबर
आलो एकदाचे कोल्हापुरात! प्रभुलिंगना कागलच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि निपाणीचा सगळा संसार एका टेम्पोत मावला. घर बैठं, हवेशीर. पाच वर्षांची आमची रुद्राणी कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून सगळ्यांत आधी आत गेली. लेकीच्या पावलांनी लक्ष्मी येते, असं माझी आई, आमची अव्वा, म्हणते. मग हुपरीचे चांदीचे पैंजण वाजवत बाईसाहेबांनी घर डोक्यावर घेतलं. घरमालकीण चिमणाबाई गावाला गेल्यात, किल्ली शेजारी ठेवली होती.

१८ नोव्हेंबर
खोकी उपसताना माझा कॉलेजातला डिजिटल कॅमेरा सापडला. चार्जर कुठला सापडायला! दुकानदाराने बॅटरी कशीबशी भरून दिली. फुगलीय, पुन्हा भरणार नाही म्हणाला. अव्वाला दाखवायला खोल्यांचे फोटो काढले. फोटोत पुढच्या सोप्यातल्या फरशीवर कुंकवाची पावलं दिसतायत. मी तर ती त्याच दिवशी पुसली होती. भिंगावर डाग असेल, तोही माझ्यासारखाच म्हातारा झालाय.

२० नोव्हेंबर
डाग नाही. आजच्या फोटोत पावलं स्वयंपाकघरापर्यंत गेलीत. सगळी आत जाणारी, परतीचं एकही नाही. आणि रुद्राणीचे पैंजण वाजेनासे झालेत. घुंगरांत माती गेली असेल, असं प्रभुलिंग म्हणाले. मी घुंगरू धुतले. तरी वाजत नाहीत.

२१ नोव्हेंबर
तिला शाळेत सोडून आले आणि माजघराचा फोटो काढला. फोटोत रुद्राणी. भिंतीकडे तोंड करून उभी. तशीच शाळेत धावले. बाई म्हणाल्या, आज ती आलीच नाही. घरी आले तर उंबऱ्याच्या आत बसलेली. अंग गार. मला फार भीती वाटतेय.

२२ नोव्हेंबर
चिमणाबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी आत कोण गेल्तं?"

मी लेकीचं नाव घेतलं.

"आधी गाय न्यायची असती की, बाई. ह्या घरात जे पयलं जातंय, त्येला घर ठिवून घेतंय."

रुद्राणीचा हात धरून तशीच बाहेर पळाले. उंबरा ओलांडला आणि — मुठीत नुसते पैंजण.

२३ नोव्हेंबर
प्रभुलिंग पोलिसांत गेलेत. मी कुणाला काय सांगू? ती घरातच आहे. डोळ्यांना नाही, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते. शेवटच्या खोलीत. आज वळली. ओठ हलतात — आई म्हणतेय.

बॅटरीची एकच काडी उरलीय. ती गेली की —

चिमणाबाईंना विचारलं, तशीच पावलं उमटवत मी तिच्यामागे गेले तर? त्या नाही म्हणाल्या नाहीत.

२३, संध्याकाळ
कुंकू कालवलं. पाय बुडवले. कॅमेरा उंबऱ्यावर ठेवून आत आले. वही हातात आहे.

दिसली. माझी रुद्राणी दिसली. हात धरला — उबदार आहे —

प्रभुलिंग आलेत. मला हाका मारतायत. मी त्यांच्यासमोरच उभी आहे, पण ते — माझ्यातून पलीकडे बघतायत —

कॅमेरा उचलला. आमच्याकडेच धरलाय. दिसलो. त्यांना आम्ही दिसलो. रडतायत, हात पुढे करतायत —

बॅटरी लाल —