सुटीचा भोंगा

नेर, ता. ५ डिसेंबर २००६

चि. राजदीपले कांताताईचा जयभीम.

वि. वि. आधी हे सांग, तू फोन काहून करतं? चार खेपा सांगितलं, करू नको. फोनची घंटी वाजली की मायले वाटते, तिच्या जिनिंग कारखान्यात कापसाले आग लागली. तिथं आगीची तशीच घंटी होती. परवा तुहा फोन आला अन् मायनं त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. फोन मेला. म्हणून हे पत्र. माही शाळा चौथीची, अक्षराले हसू नको.

खरा घोर कुकरचा आहे. शिटी झाली की माय नाकातोंडाले पदर बांधते, रुई उडते म्हणून, अन् चालू लागते. तिच्या कानाले तो जिनिंगचा भोंगा. बावीस वर्षं गेली त्या भोंग्यावर. आता कापूसच येत नाही, जिनिंगले दोन सालापासून कुलूप, हे साऱ्या नेरले माहीत, मायले नाही. फाटकापाशी जाऊन बसते अन् उठत नाही. म्हणते, सुटीचा भोंगा झाल्याबिगर उठली तर मुकादम खाडा मांडीन. काल हात धरून ओढलं तर मलेच विचारते, बाई, तू नवी लागली काय?

माही लेक दीपा लग्न होऊन उमरखेडले गेली. आता घरात बोलाले मी अन् भिंत. तू शिकलेला आहेस, तिथल्या डॉक्टरले विचारून लिही.

तुही ताई, कांता

पुणे, ता. ११ डिसेंबर

ती. ताईस सप्रेम जयभीम.

अक्षराला हसलो नाही, शिव्या नीट वाचता आल्या. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे. आईचे कान चांगले आहेत, पण आवाज कशाचा हे तिला उमगत नाही, म्हणून मन जुनी ओळख लावून देतं. गोंगाट कमी करा म्हणाले. तर तू कुकर, टीव्ही, मिक्सर सगळंच बंद ठेव. घर अगदी शांत पाहिजे. मला सध्या रजा नाही, उन्हाळ्यात नक्की येतो. दीपाला आशीर्वाद. माया असू दे.

तुझा राजू

नेर, ता. २७ डिसेंबर

चि. राजदीपले जयभीम.

तुही शांतता करून पाह्यली. कुकर सोडून साध्या गंजात भात शिजवला, टीव्हीवर चादर टाकली, हातातल्या बांगड्याही काढून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी माय रडाले लागली. म्हणे, कशाचाच आवाज येत नाही, जिनिंग बंद पडली, आता लेकरायले काय खाऊ घालू? दोन दिवस जेवली नाही. आपल्या ताटातल्या दोन भाकरी पदरात बांधून ठेवल्या, एक कांतासाठी, एक राजूसाठी. कांता समोरच बसली होती.

मग मीच कुकर चढवला. शिटी झाली, माय हसली, पदर बांधून निघाली. मी मागं मागं. आता रोज दोघी फाटकापाशी बसतो. चांगल्या कापसातून किडका कसा निवडायचा ते मले शिकवते. हातात काहीच नसते, तरी मी चुकली की चापट मारते. सांजेले थंडी सुटते, पण माय उठत नाही.

तुले आठवते काय, लहानपणी तू जिनिंगच्या भिंतीमागं उभा राहून, तोंडाले ओंजळ लावून सुटीचा भोंगा काढे? बाया अर्धा तास आधी सुटत अन् मुकादम तुहा कान पिळे. साऱ्या बाया फसत, माय फसत नव्हती. तरी सगळ्यात आधी तीच उठे. मी तसा भोंगा काढून पाह्यला. मायनं बाजूच्या बाईले सांगितलं, कोणाची बकरी सुटली पहा. बाजूले कोणीच नव्हतं.

उन्हाळा मले कायले सांगतं? माय रोज दोन भाकरी बांधे, कालपासून एकच बांधते. माही बंद झाली. तुही चालू आहे.

तीही बंद व्हायच्या आधी ये, अन् त्या भिंतीमागं उभा राह्य. तुहं तोंड ती ओळखणार नाही, पण भोंगा ओळखीन, उठीन, घरी येईन. माया कागदावर धाडू नको, आता ती गाडीत बसवून आण.

कोणत्या गाडीनं येतं ते ५ जानेवारीच्या आत लिही. फोन करू नको, तो मेलेलाच आहे.

कांता