आमच्या खाडीत मुशी आहे, हे मान्य करून घेण्याबाबत

प्रति,
मा. सागरी परवाने अधिकारी,
दक्षिण किनारा कार्यालय, लान्सारोते बेट.

अर्जदार : उफेमिया बेतान्कोर्त, वय ७४, राहणार कालेता दे ला सियेर्वा.

विषय : नात दासिल हिचा पाहुण्यांना समुद्रतळी नेण्याचा परवाना रद्द न करणेबाबत.

संदर्भ : आपले स्थगितीचे पत्र, आपल्या निरीक्षकांची एप्रिलमधील गावभेट.

महोदय,

१. अर्जदार बाई दोन इयत्ता शिकली आहे, तेव्हा अक्षर न पाहता मुद्दा पाहावा. तिची नात दासिल पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाहुण्यांना खाडीच्या तळाशी नेते आणि वाळूत स्वतःला पुरून पडलेली चपटी देवदूत-मुशी दाखवते. मार्चमध्ये एक जर्मन पाहुणा, नातीने खुणेने मना केले असताही, फोटोसाठी वाळूत गुडघे टेकून बसला. खाली मुशी होती. तिने मनगट धरले. हातमोजा फाटला, हात वाचला, आणि गृहस्थ गावभर मनगट मिरवून आपल्या देशी गेला. नातीने घडले तसे आपणांस कळवले. तिला खोटे बोलता येत नाही. ते वळण तिच्या आईकडचे.

२. त्यावर निरीक्षक साहेब घरोघर विचारत आले, "तुमच्या खाडीत देवदूत-मुशी आहे का?" महोदय, कार्यालयाच्या माणसाने मासा विचारला की "नाही" म्हणायचे, ही आमच्या गावची रीत आहे. शेजारच्या खाडीत एकजण "हो, आहे की!" म्हणून बसला, तर दुर्मीळ मासा जपायचा म्हणून वर्षभरात तिथे जाळी बंद आणि होड्यांची कोंबड्यांची खुराडी झाली. म्हणून पाद्रीबाबा नाही म्हणाले. होडीवाला सेलेस्तिनो म्हणाला, "मुशी? साहेब, मी तर ती टीव्हीवरच बघितलीय!" अर्जदार बाई म्हणाली, "आमच्याकडे देवदूत एकच, चर्चमधला, आणि त्याचाही एक पंख तुटलाय." पोरीचे वाईट कोणाच्या मनात नव्हते. साहेब कशासाठी विचारतात, हे कोणी विचारलेच नाही.

३. आता आपले पत्र म्हणते की, या खाडीत असा मासाच नाही, सबब दासिलने पाहुण्याला दुसरीकडे, मनाईच्या जागी नेले व खोटा अहवाल दिला. अख्ख्या गावात जी एकटी खरे बोलली, तीच खोटी ठरली. सुनावणी येत्या सोमवारी आहे. पोरीने बॅग भरली आहे. मुख्य भूमीवर हॉटेलात चादरी बदलायला जाते म्हणते. बाईशी ती बोलत नाही. परवा एवढेच म्हणाली, "आजी, तुला काय वाचवायचं होतं? मला, की जाळ्यांना?" त्याच रात्री बाई हा अर्ज लिहायला बसली.

४. मासा दाखवावा, तर पाणी तापले आहे आणि मुशी खोल गेल्या आहेत. थंडीशिवाय परतत नाहीत. तरी पुरावा साहेबांनी पाहिलाच आहे. विजार वर दुमडून ते बाईबरोबर पाण्यात उतरले, तेव्हा त्यांनी विचारले होते, "तुम्ही सगळे पाय घासत का चालता?" बाई म्हणाली, "गुडघे दुखतात." महोदय, नुकत्याच चालायला लागलेल्या पोरांचेही? वाळूतल्या मुशीला चाहूल लागावी, तिच्यावर पाय पडू नये, म्हणून आमच्याकडे पाण्यात पाय घासतच जातात. नसलेल्या माशाला कोणी वाट देते काय?

५. हे वाचून आपण खाडी बंद कराल, हे बाईला कळते. मग सेलेस्तिनो तिचे तोंड पाहणार नाही. न पाहो, तो काही फार देखणा नाही. विनंती इतकीच की, सुनावणी डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी व आपण जातीने यावे. बाई हात धरून पाण्यात नेईल. पाय तेवढे घासावेत. मुशी नसली तर परवाना फाडावा. तेही जमत नसेल, तर खोटेपणाची शिक्षा खोटे बोलणाऱ्यांना द्यावी, आणि सुरुवात या अर्जदारापासून करावी.

सोमवारच्या आत उत्तराची वाट पाहणारी,
उफेमिया बेतान्कोर्त
(सही स्वतःची, अंगठा नव्हे)
१९ ऑगस्ट

सोबत : पाहुण्याचा डावा हातमोजा, दातांच्या खुणांसह. निरीक्षक आले त्या दिवशी बाईने तो गोफिओच्या पिठाच्या डब्यात दडवला होता. पीठ झटकून घ्यावे. दासिलने तो घरभर शोधला. कुठे होता हे तिला अजून सांगितलेले नाही. ते आपण सांगावे.