पुसलेला गंज

खंडेनवमी, २०१४. बेडोक, सिंगापूर.

लिही गं सूनबाई, आणि हसू नकोस.

सकाळी पूजेला विळी, सुरी, पक्कड मांडली आणि शेजारी श्रीकांतचं रशियाचं डिझेल इंजिन. सोव्हिएत काळात जंगलातून ओंडके ओढायचं म्हणे, माथेरानच्या गाडीसारख्या अरुंद रुळांवरून. खरं नव्हे, वीतभर, त्यानेच सुट्ट्या घालवून केलेलं. पण किती मळकं, गंजकं! असल्या वस्तूला हळदकुंकू कसं वाहायचं? ओल्या फडक्याने लख्ख पुसलं.

संध्याकाळी तो चांगी विमानतळावरच्या कामावरून आला, बघितलं आणि मटकन बसला. "आई, तो गंज मी रंगवला होता गं."

गंज कोणी रंगवतं का? नात इथल्या पोरांसारखी म्हणते, "आजी, ते डर्टीच पाहिजे लाह!" रविवारी तोआ पायोहला प्रदर्शनात ठेवायचंय. ओरडला असता तर बरं झालं असतं. धड जेवलाही नाही. तो मेला गंज डोळ्यांपुढून हलत नाही.

मग ब्रश घेऊन बसला, पण कुठे काय होतं ते त्याला आठवेना. मला आठवत होतं, घासलं कोणी? धुराड्याखाली काजळी, पायरीवर चिखल, दाराच्या बिजागरीला गंज. मी सांगत गेले, तो लावत गेला. शेवटी हसला. "आई, तू रशियात कामाला हवी होतीस."

"हो, एकही इंजिन मळकं राहिलं नसतं."

मागची बाजू मात्र मलाही आठवेना. दिलं ठोकून, "इथे बोटभर गंज." आता तो मन लावून तिथेच रंगवतोय आणि मला बसवत नाही. सांगू का त्याला? नको, रविवार होऊ दे. आणि तूही गप्प राहा.