हॉलमध्ये पाजू नये

२ जुलै
पंचांच्या बैठकीत एकमताने ठरलं (काही मूर्ख विरोधात होते): पोषण महिन्याचं भाषण मी करणार. विषय, कोवळ्या आया आणि स्तनपान. गिमारास बेटावरच काय, अख्ख्या फिलिपिन्समध्ये माझ्यासारखा वक्ता नाही. या पोरींना मोबाइल धरता येतो, मूल धरता येत नाही. एकेकीला वठणीवर आणीन. उद्यापासून पहाटे उठून लिहायचं.

५ जुलै
उठलो नाही. हवा दमट.
आमची लेक रोव्हेलिन, वय सोळा, आपल्या बाळाला घेऊन हॉलमध्येच पाजत बसलेली. तेवढ्यात फादर आले. तिला स्वयंपाकघरात पिटाळलं. बाळाने भोकाड पसरलं. फादर म्हणाले, असू दे. त्यांना तसं म्हणावंच लागतं.

९ जुलै
पहिलं वाक्य तयार: ‘आईचं दूध म्हणजे अमृत.’
दूध यावं म्हणून बायकोने, नेनिताने, लेकीसाठी शेवग्याचा पाला घालून शिंपल्यांचं सूप केलं. मी दोनदा घेतलं. वक्त्यालाही ताकद लागते. पोरीचं दूध पाण्यासारखं दिसतं, असं जेवताना सहज म्हटलं. ताट टाकून उठली. नखरे.

१४ जुलै
रोव्हेलिन शाळेत जाणार म्हणे, आणि मधल्या सुट्टीत पाजायला घरी येणार. म्हणजे पंचाची लेक ओल्या पोलक्याने गावातून फिरणार! डब्याचं दूध आणलं. बायकोने अबोला धरलाय. शांतता आहे, भाषण रंगणार.

२३ जुलै
बाळाला जुलाब. नेनिताने पाणी उकळलं नसणार. ती म्हणते, बाटली तुम्हीच भरलीत. बायकांना पुरावेच लक्षात राहतात.
दवाखान्यात नर्सने पोरीला पुन्हा अंगावर पाजायला बसवलं. दूध आटत आलंय म्हणे. पोरगी रडत होती. मी व्हरांड्यात भाषण पाठ केलं. ‘अमृत’पाशी माझेही डोळे पाणावले.
तिथूनच ती बाळाला घेऊन धक्क्याजवळच्या मावशीकडे राहायला गेली. रुसवा. उद्या येईल.

३० जुलै
आली नाही. सभेत मात्र होती, बाळाला अंगावर पाजत, सगळ्यांदेखत.
भाषण उत्तम झालं. मग त्या आगाऊ नर्सने रोव्हेलिनला बोलायला सांगितलं. एका गरोदर पोरीने विचारलं, आटलेलं दूध परत कशाने आलं?
रोव्हेलिनने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “बाबा आसपास नसले की येतं.”
कुणी हसलं नाही. हसले असते, तर चिडता तरी आलं असतं.